बॅटरी जपा, मोजणीच्या दिवशी ती कामाला येईल

(तालुक्याच्या युवा शिबिरातील मांडणी. ज्या पाड्यांवरचे साथी शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळपासून आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोलतोय. कोणाचा दावा उपविभागीय समितीत अडकलाय, कोणी दोन एकर कसतो आणि पट्ट्यावर वीस गुंठे आलेत, कोणाच्या पट्ट्यावर बायकोचं नावच नाही. आणि जेवणानंतरचा विषय म्हणून फळ्यावर लिहिलंय, मोबाईलची बॅटरी. काही जण हसले. हसा, पण तासभर ऐका. हा विषय आम्ही हौस म्हणून घेतलेला नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत आपली किती कामं फोन बंद पडल्यामुळे अडली ते आम्ही पाड्यापाड्यांवर विचारत गेलो, आणि यादी लांबत गेली.

आता बघा. रोजगार हमीच्या कामावर मेटने दिवसातून दोनदा फोनवर मजुरांचा फोटो टाकायचा. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर ही फोनवरची हजेरी सक्तीची झाली. मेटचा फोन दुपारी बंद पडला तर अर्ध्या दिवसाचा पुरावा गेला, आणि मजुरीसाठी हेलपाटे चालू. रेशनच्या केवायसीला ओटीपी येतो तो फोनवर. पोराच्या स्कॉलरशिपचा ओटीपी फोनवर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आपल्या जमिनीची मोजणी. वनहक्क समिती जागेवर जाते, प्लॉटच्या बांधावरून चालते, फोनमधल्या जीपीएसवर नकाशा निघतो. जुनी ताल, विहीर, देवाची जागा, मसणवट, हे सगळं कायद्याच्या नियम १३ प्रमाणे पुरावा म्हणून चालतं. त्याचे फोटो आपण कशावर काढतो? याच फोनवर.

गेल्या उन्हाळ्यात एका पाड्यावर काय झालं ते सांगतो, तिथे आम्ही हजर होतो. पडताळणीसाठी साहेब लोक सकाळी नऊला येणार होते, आले साडेबाराला. एका मावशींचे डोंगर-उतारावर तीन तुकडे. दोन मोजून झाले. तिसऱ्याच्या दोन कोपऱ्यांपर्यंत गेलो. फोनवर ३० टक्के दिसत होते, आणि फोन एकदम काळा झाला. समितीतल्या पोराचा तो फोन तीन वर्षांचा, मेव्हण्याकडून आलेला. साहेब म्हणाले, आमच्याकडे वेळ नाही, जेवढं झालं तेवढं लिहू. मावशी तिथेच बांधावर बसल्या. म्हणाल्या, "सासऱ्यानं दगड काढून केलेली जमीन, नि ती लिवायची नाय?" त्या दिवशी आम्ही पंचनाम्यावर लिहून घेतलं की तिसऱ्या तुकड्याची मोजणी अपुरी आहे. पुढे ग्रामसभेने ठराव केला आणि दोन महिन्यांनी फेरमोजणी झाली. ते काम झालं कारण त्या वेळी कागदावर लिहून घेतलं होतं. पण दोन महिने त्या बाईला झोप नव्हती.

म्हणून प्रश्न असा. ३० टक्के दिसत असताना फोन बंद का पडतो? बॅटरी म्हातारी का होते? आणि तिचं म्हातारपण पुढे ढकलण्यासाठी आपल्या हातात काय आहे?

बॅटरीच्या आत काय चालतं

आपल्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची. १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आली. ती शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिच्या आत दोन खोल्या आहेत असं समजा. चार्जिंगला लावली की लिथियमचे बारीक कण एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. फोन वापरला की ते परत पहिल्या खोलीत येतात. जाणं-येणं, जाणं-येणं, एवढंच. या येण्याजाण्यात थोडे कण वाटेत अडकतात. नाचणीच्या आंबिलाच्या भांड्याला बुडाशी खरपुडी धरते ना, तसा एक पातळ थर आत धरत जातो. त्यात अडकलेला कण परत कामाला येत नाही. थर जाड होत गेला की बॅटरीत मावतं कमी, आणि जे आहे ते बाहेर यायलाही जोर लागतो. जीपीएस, कॅमेरा, स्क्रीन हे सगळं एकदम चालू केलं की म्हाताऱ्या बॅटरीला तेवढा जोर पेलत नाही. तिचा दाब एकदम खाली येतो आणि फोन स्वतःला बंद करतो. ३० टक्क्यांवर फोन जातो तो यामुळे. त्या मावशींच्या बांधावर हेच झालं.

थर धरणं पूर्ण थांबवता येत नाही. पण तो भराभर धरतो कशाने ते माहीत आहे. तीन गोष्टींनी. एक, उष्णता. दोन, बॅटरी ठासून भरून तशीच ठेवणं. तीन, पार रिकामी करत राहणं.

कणगी बघा. बांबूची कणगी वरपर्यंत दाबून भरली आणि महिनोन् महिने तशीच ठेवली तर तिची वीण ताणते. बॅटरीचंही तसंच. १०० टक्क्यांवर आतला दाब सगळ्यात जास्त असतो. तो दाब आणि वरून उन्हाळा, या दोन्हींनी मिळून बॅटरी लवकर मरते. बॅटरीवर काम करणाऱ्या लोकांनी हे मोजलेलं आहे. २५ अंशाच्या हवेत बॅटरी ४० टक्के भरून वर्षभर ठेवली तर तिची ताकद ९६ टक्के उरते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर ८०. आता ४० अंशाच्या हवेत ठेवा, म्हणजे आपल्याकडचा मे महिना. ४० टक्के भरलेली असेल तर ८५ उरते, आणि फुल्ल भरलेली असेल तर ६५. न वापरता, नुसती ठेवून, वर्षात तिसरा हिस्सा गेला. हा आकडा लक्षात ठेवा.

ऊन, चूल आणि पत्रा

म्हणून पहिली गोष्ट उष्णतेची. टक्क्यांचा हिशोब नंतर करा, आधी फोन थंड ठेवा.

आपल्या घरात फोन चार्जिंगला कुठे असतो? जिथे बोर्ड आहे तिथे. बोर्ड बऱ्याच घरांत चुलीच्या भिंतीला, नाहीतर पत्र्याच्या जवळ वर. मार्चपासून पत्र्याखाली दुपारी हात लावून बघा. ३५ अंशाच्या वर बॅटरीची ताकद कायमची कमी होऊ लागते, असं फोन बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. तेव्हा दुपारी बारा ते चार पत्र्याखाली चार्जिंग करू नका. लाईट असेल तर पहाटे नाहीतर रात्री करा. वायर लांब घेऊन फोन खाली जमिनीवर, सारवलेल्या थंड जागी ठेवा. लहान पोरं आणि कोंबड्या सांभाळा म्हणजे झालं.

चार्जिंगला लावताना रबरी कव्हर काढा. गोधडीखाली, उशीखाली ठेवून झोपू नका. त्यात बॅटरीही तापते आणि आगीचीही भीती. चार्जिंग चालू असताना पोरं गेम खेळतात, व्हिडिओ बघतात, तेव्हा फोन दोन्हीकडून तापतो. हाताला चटका बसण्याइतका तापला की वायर काढा, सावलीत ठेवा. पण फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका, आत पाणी धरतं.

जीपच्या काचेपाशी फोन ठेवू नका. रानात जाताना वरच्या खिशात उन्हाकडे तोंड करून ठेवू नका, पिशवीत फडक्यात गुंडाळून ठेवा. दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणाऱ्या साथींनी तर जास्त काळजी घ्यायची. भट्टीच्या कडेला झोपडी, त्यात पत्रा, त्यात फोन. पाण्याच्या मडक्याच्या बाजूची कोरडी जागा ही तिथली सगळ्यात थंड जागा असते.

वीस आणि ऐंशी

आता टक्क्यांची गोष्ट. रोजच्या दिवसात फोन २० च्या खाली जाऊ देऊ नये आणि ८० च्या वर नेऊ नये. हा ढोबळ नियम आहे. २२ ला लावला किंवा ८५ ला काढला म्हणून काही बिघडत नाही.

इथे एका बाबांनी मघाशी विचारलं, "पोरा, नवा फोन आठ तास लावायचा नि पुरता उतरल्याशिवाय परत लावायचा नाय, असं दुकानदार बोलतो ते?" नाही बाबा. ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचं शहाणपण. त्या जातीला तसं लागायचं. आताच्या बॅटरीला उलटं बरं पडतं, थोडं थोडं, मधे मधे. गुरांना जसं दिवसभर चरायला आवडतं तसं.

काही जणांना वाटतं, सारखं लावलं की चार्जिंगचे मोजके फेरे संपतात. तसं नाही. कंपन्या बॅटरीचं आयुष्य फेऱ्यांत सांगतात हे खरं. पण एक फेरा म्हणजे मिळून १०० टक्के वापर. आज ५० वापरले, भरले, उद्या परत ५० वापरले, तेव्हा एक फेरा झाला. वायर किती वेळा लावली ते मोजत नाहीत. साध्या बॅटरीचा हिशोब असा की साधारण ५०० फेऱ्यांनंतर ताकद ८० टक्के उरावी. रोज एक पुरा फेरा वापरला तर हे ५०० फेरे दीड वर्षाच्या आतच संपतात. युरोपात २० जून २०२५ पासून असा नियम आहे की तिथे विकायच्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के उरली पाहिजे. म्हणजे जास्त टिकणारी बॅटरी बनवता येते. सरकारने सांगितलं तर कंपनी बनवते. हे आपण लक्षात ठेवायला हवं.

रात्रभर लावून ठेवलं तर बॅटरी फुटते का? चांगल्या फोनमध्ये तसं होत नाही. १०० झाले की फोन स्वतः वीज घेणं थांबवतो. पण रात्रभर १०० वर ताणलेली राहते, थोडी उतरली की परत भरते, आणि वर गरमी. रोज रोज तसं केलं की म्हातारपण लवकर येतं. बऱ्याच नव्या फोनमध्ये ८० वर थांबवायची सोय असते. सेटिंगमध्ये बॅटरी असं लिहिलेलं असतं, त्यात बॅटरी प्रोटेक्शन किंवा ऑप्टिमाइज्ड चार्जिंग अशा नावाने बघा. आज शिबिर संपल्यावर युवा गटाचे साथी थांबणार आहेत, ज्याला सापडत नाही त्याने त्यांना दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं शहरातल्या लोकांसाठी. आमच्याकडे लाईट कधी येते आणि कधी जाते याचा पत्ता नाही. पावसाळ्यात झाड पडलं की चार दिवस अंधार. ८० वर काढून बसू आणि लाईट गेली तर? बरोबर आहे. म्हणून आम्ही नियम असा सांगतो. बॅटरी फोनसाठी, आणि फोन आपल्यासाठी. घरात बाळंतीण आहे, आजारी माणूस आहे, आभाळ भरून आलंय, तर १०० करा. उद्या मोजणी आहे, मोर्चा आहे, सुनावणी आहे, तर १०० करा. एखाद्या दिवशी फुल्ल भरून लगेच वापरली तर तिला त्रास नाही. त्रास होतो तो फुल्ल भरून, तापवून, तसंच ठेवून देण्याने. काम नसलेल्या दिवसांत जपा, म्हणजे कामाच्या दिवशी ती तुम्हाला पुरी पडेल.

बाजारातलं चार्जिंग आणि सोलर

ज्यांच्या पाड्यावर लाईट नाही ते बाजाराच्या गावी दुकानात फोन देऊन येतात. तिथे एका खोक्यात पंधरा-वीस फोन एकावर एक. सगळे तापतात. दुकानदाराला सांगा, माझा वेगळा ठेव, काउंटरवर ठेव. आणि तीन दिवसांनी परत बाजारात येणार असाल तर १०० करून न्या, पण घरी गेल्यावर रात्री डेटा बंद करा. जिथे टॉवर लांब आहे तिथे फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी खातो. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर विमानाचं चिन्ह असतं ते बटण लावून ठेवा. दिवसातून दोनदा टेकडीवर जाऊन फोन लावायचा असेल तेव्हा काढा.

सोलरवाल्यांनी एक गोष्ट पाळा. पॅनेल उन्हात, फोन सावलीत. बरेच जण पॅनेलवरच फोन ठेवतात. लांब वायर घ्या. १० वॅटचं पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात ५,००० एमएएचची बॅटरी भरायला साधारण तीन-चार तास लागतात. त्याहून बरं म्हणजे दिवसा पॅनेलवर पॉवर बँक भरा आणि संध्याकाळी गारव्याला पॉवर बँकेवरून फोन भरा. पॉवर बँकही सावलीतच, तिच्यातही हीच बॅटरी असते. तिच्यावर १०,००० लिहिलेलं असलं तरी फोनमध्ये जातं साधारण दोन तृतीयांश, बाकी वीज बदलण्यात जाते. घेताना हे धरून चाला.

२०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च आठवा. ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानात पोचला. त्यात एक शेतकरी डोक्यावर सोलर पॅनेल घेऊन चालत होता. वाटेत लोकांचे फोन त्याच्यावर चार्ज होत होते. पेपरात तो फोटो आला, लोकांनी कौतुक केलं. आपण त्यातून घ्यायचं ते हे, की हजारो लोकांचा मोर्चा आठवडाभर चालतो तेव्हा फोन कसे चालू राहतील याचा विचार आधी करावा लागतो. पुढच्या मोर्चाच्या तयारीच्या यादीत भाकरी, पाणी, औषधं यांच्याबरोबर ही गोष्टही लिहा.

चार्जरबद्दल. फास्ट चार्जर वाईट नाही, घाई असेल तेव्हा कामाचा. फोन किती वीज घ्यायची ते स्वतः ठरवतो. पण तो तापवतो. रात्री वेळ असेल तर जुना साधा चार्जर लावा. रस्त्यावरचे पन्नास रुपयांचे चार्जर मात्र घेऊ नका. आतलं संरक्षण नसतं, बॅटरीही जाते आणि शॉकही लागतो. लाईट जाऊन आली की लगेच लावू नका, पहिल्या मिनिटांत दाब वरखाली होतो. पाच-दहा मिनिटं थांबा.

पावसाळ्यात चार्जिंगचं भोक ओलं असेल तर वायर लावू नका. झटकून, तोंड खाली करून, हवेवर वाळू द्या. चुलीपाशी धरू नका. तांदळात ठेवू नका, त्याने पाणी लवकर निघत नाही आणि भुसा आत जातो.

कुणाकडे जुना फोन पेटीत पडून असेल तर तो पार उतरवून ठेवू नका. शून्यावर महिनोन् महिने राहिली की ती आणखी खाली जाते आणि मग कितीही लावली तरी उठत नाही. अर्धी भरा, बंद करा, थंड कोरड्या जागी ठेवा, आणि सहा महिन्यांनी बघून परत अर्धी करा. असा फोन मोजणीच्या दिवशी दुसरा फोन म्हणून कामाला येतो.

आणि बॅटरी फुगली, मागचं झाकण वर आलं, तर खेळ संपला. चार्जिंग लगेच बंद. टोचू नका, दाबू नका, चुलीत टाकू नका, पोरांच्या हाती देऊ नका. बाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपनीवर आहे, तसे बॅटरी कचऱ्याचे नियम केंद्र सरकारने २०२२ मध्ये केलेत. ओढ्यात फेकू नका. तेच पाणी आपण पितो.

मोजणीच्या दिवसाची तयारी

हे वहीत लिहून घ्या.

१. आदल्या रात्री दोन फोन १०० टक्के. एक वापरायचा, दुसरा बंद करून पिशवीत.

२. पॉवर बँक आणि वायर बरोबर. वायर आधी लावून बघा, बाजारातली वायर बाहेरून नवी दिसते पण आतून तुटलेली असते.

३. साहेब येईपर्यंत फोन बंद ठेवा. वाट बघताना व्हिडिओ बघू नका.

४. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. मोजताना विमानाचं बटण चालू आणि लोकेशन चालू. जीपीएस सरळ उपग्रहाकडून सिग्नल घेतं, त्याला टॉवर लागत नाही. बहुतेक फोनमध्ये असं चालतं. पण आदल्या दिवशी आपल्या फोनवर करून बघा, कारण नेटशिवाय पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो.

५. स्क्रीनचा उजेड जेवढा दिसायला पुरेल तेवढाच.

६. एकेक तुकडा पुरा झाला की लगेच सेव्ह करा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. तिन्ही तुकडे एकदम सेव्ह करू म्हणून थांबू नका.

७. बांधाच्या प्रत्येक कोपऱ्यावरचे आकडे एकाने वहीत लिहायचे. फोन गेला तरी वही राहते.

८. काहीही अपुरं राहिलं तर पंचनाम्यावर तसं लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. दावा फेटाळला किंवा क्षेत्र कमी आलं तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. त्या वेळी हा कागद लागतो.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना बाहेर काढायचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत आपल्या पाड्यांवर काय वातावरण होतं ते मोठ्या माणसांना विचारा. तेव्हा कळलं की पुरावा नीट असणं म्हणजे काय. फोनमधला फोटो हा पुरावा आहे, पण फोनमध्येच पडून राहिला तर तो बॅटरीबरोबर मरतो. महिन्यातून एकदा फोटो छापून दाव्याच्या फाईलला लावा.

लिथियम कुठून येतं

शेवटी एक गोष्ट. बॅटरीतलं लिथियम मोठ्या प्रमाणात येतं दक्षिण अमेरिकेतून. चिली देशात अटाकामा म्हणून मिठाचं वाळवंट आहे. तिथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठ्या तळ्यांत वाळवतात आणि त्यातून लिथियम काढतात. जगातल्या सगळ्यात कोरड्या मुलखांपैकी तो एक. तिथले मूळचे लोक लिकानांताय. आमच्या पाण्याचं काय, असं ते विचारतायत. शेजारच्या अर्जेंटिनात सालिनास ग्रान्देस नावाच्या मिठाच्या पठारावरच्या आदिवासी गावांनी २०१५ मध्ये स्वतःचा लेखी नियम केला, की आमच्या जमिनीवर काही करायचं असेल तर आम्हाला कसं, कोणत्या रीतीने विचारायचं. आपल्याकडे नियमगिरीत २०१३ मध्ये १२ ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं, त्याच जातीची ही गोष्ट. बॅटरीतलं कोबाल्ट निम्म्याहून जास्त आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतं, आणि तिथल्या कित्येक खाणींत हाताने खोदणारी गरीब माणसं आहेत, त्यात पोरंही आहेत.

म्हणून फोन टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. तो आपल्याला लागतो. पण दोन वर्षं चालणारी बॅटरी चार वर्षं चालवली तर आपलेही पैसे वाचतात. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. बॅटरी बदलायची म्हणजे त्यातले चार-पाच दिवस गेले. आणि तिकडच्या कुणाच्या तरी जमिनीतून तेवढं कमी ओरबाडलं जातं. बॅटरी गेली म्हणून अख्खा फोन फेकायचा नाही, आधी बॅटरी बदलून बघायची.

आता ठराव म्हणून मांडतो, पटलं तर हात वर करा. प्रत्येक पाड्यावर युवा गटातले दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी, फोनची जबाबदारी घेतील. वनहक्क समितीचा फोन कुणाचा, त्याची बॅटरी किती चालते, पॉवर बँक कुणाकडे, हे वहीत लिहून ठेवतील. मोजणीच्या आदल्या दिवशी ते दोघे फोन, वायर आणि वही तपासतील आणि समितीच्या अध्यक्षांना तसं सांगतील. आयाबायांनाही फोन चालवायला शिकवतील, कारण पट्ट्यावर त्यांचंही नाव आहे आणि बांध त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

हात मोजून झाले की वही फिरवतोय. आपल्या पाड्याचं नाव आणि त्याखाली दोन नावं लिहा.

जिंदाबाद!